सात माणसे, पाच तऱ्हांचे कागद आणि एक बोट

पूर्वी बोटीचा प्रवास हा नाइलाजाचा प्रवास होता. कोकणात धड रस्ते नव्हते, म्हणून माणसे मुंबईला बोटीत बसून आपापल्या बंदराला उतरत. विलायतेला जायचे तर विमान परवडत नसे, म्हणून आगबोट. आता उलट झाले आहे. कोठे पोहोचायचे म्हणून नव्हे, तर बोटीतच राहायचे म्हणून लोक पैसे मोजतात. याला क्रूझ म्हणतात. बँकेतून, रेल्वेतून, महापालिकेतून निवृत्त झालेली आपली मंडळीही हल्ली सिंगापूरहून नाहीतर मुंबईहून क्रूझला जाऊन येतात आणि फोटो दाखवतात. फोटोत निळे पाणी असते, पोहण्याचा तलाव असतो, जेवणाचे टेबल असते. कागदपत्रे फोटोत नसतात, म्हणून त्यांच्याविषयी चार गोष्टी येथे लिहीत आहे.

विमानाने गेलात तर एका देशातून निघून दुसऱ्या देशात उतरता. बोटीचे तसे नाही. रात्री झोपताना एका सरकारची हद्द असते आणि सकाळी चहा घेताना दुसऱ्याची. तिकीट एकच, खोली एकच, पण देश दोन-तीन. शिवाय शेवटी जेथून निघालो तेथे परत शिरायचे असते, आणि तेही तुमच्या मायदेशाबाहेरचे बंदर असेल तर तो आणखी एक प्रवेश. हा शेवटचा प्रवेश लोक विसरतात. सर्व घोटाळे तेथेच होतात.

गेल्या वर्षी आम्ही उभयता मुलीकडे अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात सहा महिन्यांच्या आत परतायच्या बेताने गेलो होतो. जून अखेरीस शाळांना सुट्टी लागली तेव्हा बोटीने बहामा बेटांना जायचे ठरले. माणसे सात: मी, माझी पत्नी, मुलगी, जावईबापू, सहा वर्षांचा नातू, जावयांचे थोरले बंधू आणि आमच्या विहीणबाई. जेवणानंतर मुलीने सर्वांचे कागद टेबलावर मांडले. एकाच घरची माणसे, एकाच ताटात जेवलेली, पण कागद पाच तऱ्हांचे निघाले. आम्हा दोघांचा पाहुण्यांचा व्हिसा, ज्याला तेथे बी-टू म्हणतात. मुलीचा नोकरीचा एच-वन-बी व्हिसा. जावयांचाही एच-वन-बीच, पण त्याची वेगळी कथा आहे, ती पुढे येईल. नातू तेथे जन्मला, म्हणून जन्माने अमेरिकन. थोरले बंधू वीस वर्षांपूर्वी गेलेले, आता त्यांनी नागरिकत्व घेतले आहे. विहीणबाईंना त्याच मुलाने ग्रीन कार्ड मिळवून दिले, पण पासपोर्ट भारताचाच.

सर्वांत सोपा मामला अमेरिकन नागरिकांचा. तेथील नियम असा की जी बोट अमेरिकेच्या एका बंदरातून निघून त्याच बंदरात परत येते आणि मधल्या काळात कॅनडा, मेक्सिको, बर्म्युडा, कॅरिबियन अशा जवळच्याच भागात फिरते, तिच्या प्रवासाला नागरिकांना पासपोर्टची सक्ती नाही. जन्माचा दाखला आणि सरकारी फोटो ओळखपत्र चालते. सोळा वर्षांखालील मुलाला तर नुसता जन्मदाखला पुरतो. १ जून २००९ पासून जमिनीवरून आणि समुद्रातून परत येणाऱ्या नागरिकांवरही कागद दाखवण्याची सक्ती आली, त्यात ही सवलत ठेवली गेली. त्याच सुमारास त्यांनी पासपोर्ट कार्ड नावाचा एक प्रकार काढला. आपल्या पॅन कार्डाएवढे कार्ड, पाकिटात मावते. पूर्ण पासपोर्टाचे शुल्क २०२५ साली १३० डॉलर होते, कार्डाचे ३० डॉलर. जमिनीच्या सीमेवर आणि बोटीवर हे कार्ड चालते. परदेशातून विमानाने यायचे असेल तर मात्र ते चालत नाही.

थोरल्या बंधूंकडे दोन्ही होते. ते म्हणाले, "पासपोर्टाचं पुस्तक कशाला वागवायचं? कार्ड खिशात टाकतो." कायद्याने त्यांचे बरोबर होते. तेव्हा माझी पत्नी, जी मधे बोलत नाही, ती म्हणाली, "आणि ताईंचं बीपी वाढलं आणि डॉक्टरांनी बोटीतून उतरवून तिकडच्या दवाखान्यात ठेवलं तर? बोट थांबणार आहे का?"

बोट थांबत नाही. आजारी माणूस उतरवला की ती ठरल्या वेळी निघते. मग आईजवळ राहिलेल्या मुलाला आईला घेऊन विमानानेच घरी यावे लागेल, आणि त्याच्या खिशात असेल विमानाला न चालणारे कार्ड. तेथे वकिलात आहे, तातडीचा पासपोर्टही मिळतो, पण आजारी माणसाला सोडून त्या खेपा कोण घालणार? बंधूंनी उठून पुस्तक आणले. नातवाचा पासपोर्ट मागच्या वर्षी संपला होता, कारण लहान मुलांचा तेथे पाचच वर्षांचा असतो. जन्मदाखल्यावर तो बोटीत चढू शकत होता, पण त्याचाही नवा काढायला टाकला. सोळा वर्षांखालच्या मुलाच्या पासपोर्टाला आईवडील दोघांची संमती लागते, म्हणून दोघांनी एक सकाळ रजा काढली. माझ्या मते या साऱ्या विषयातला मुख्य मुद्दा पत्नीच्या त्या एका प्रश्नात होता. बोटीवर चढायला कोणता कागद पुरतो हे कंपनीचा माणूस सांगतो. बोट चुकली तर घरी कोणता कागद आणील, हे आपणच विचारायचे असते.

आता विहीणबाई. त्यांचे ग्रीन कार्ड अमेरिकेत परत शिरण्यासाठी, आणि भारतीय पासपोर्ट मधल्या देशांसाठी. दोन्ही बरोबर हवेत, एकाने भागत नाही. पण त्यांच्या कार्डावर नावाच्या जागी तीन इंग्रजी अक्षरे आहेत: एफ, एन, यू. अर्थ असा की 'पहिले नाव माहीत नाही'. झाले असे की त्यांचा पहिला पासपोर्ट काढताना एजंटाने अर्जात आडनावाची जागा रिकामी सोडली आणि नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव हे सर्व एकाच रकान्यात कोंबले. आपल्याकडे चालून गेले. अमेरिकेच्या व्हिसाला आडनाव लागतेच. म्हणून त्यांनी ती सबंध ओळ आडनावात ढकलली आणि नावाच्या जागी ही तीन अक्षरे घातली. तेथील दवाखान्यात त्यांना 'फनू' म्हणून हाक मारतात. नातूही लाडाने 'फनू आजी' म्हणतो. बाई हसतात. पण एकदा मला म्हणाल्या, "दादा, माझ्या आईनं ठेवलेलं नाव एक, सासरी आले तेव्हा ठेवलेलं दुसरं, रेशन कार्डावर तलाठ्यानं लिहिलं ते तिसरं. आता हे चौथं."

आपल्या घरोघरी हीच कथा आहे. माझी स्वतःची जन्मतारीख १ जून. विहीणबाईंचीही १ जून. बोट कंपनीच्या फॉर्मवर दोघांच्या तारखा पाहून मुलीच्या शेजारणीने विचारले, की तुमच्या वडिलांचा आणि सासूबाईंचा वाढदिवस एकाच दिवशी कसा? तिला काय सांगणार, की आमच्या अर्ध्या पिढीचा वाढदिवस त्याच दिवशी असतो, कारण शाळा जूनमध्ये उघडायची आणि गुरुजी पटावर तीच तारीख मांडायचे! तारीख खोटी असली तरी चालते. ती सर्व कागदांवर सारखी असली पाहिजे, एवढेच. आधारवर १ जानेवारी आणि शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल, तर आधी ते जुळवून घ्या, क्रूझचे मागाहून बघा. आणि ज्यांच्या घरी नवे बाळ आले आहे त्यांनी नगरपालिकेतला जन्मदाखला लगेच, नावासकट काढून ठेवावा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना भारताच्या पासपोर्टासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून तोच एक कागद चालतो. शाळेचा दाखला आता या मुलांच्या कामाला येणार नाही.

तिकीट काढताना नाव पासपोर्टावर जसे आहे तसेच द्यावे. विहीणबाईंचे तिकीट मुलीने पासपोर्टातली ओळ अक्षरन् अक्षर उतरवून काढले. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींनी याची विशेष काळजी घ्यावी.

आम्हा दोघांचा प्रश्न निराळा. आमचा अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा, पण तो जुन्या पासपोर्टात. तो पासपोर्ट मध्यंतरी संपला, नवा निघाला, जुन्याचा कोपरा कापून परत मिळाला. अशा वेळी जुने पुस्तक फेकू नये. त्यातला व्हिसा जिवंत असतो आणि दोन्ही पुस्तके एकत्र दाखवली की चालतो. आम्ही दोन्ही रबर लावून ठेवली होती. शिवाय व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा हवा. एकाच प्रवेशाचा असेल तर बोटीत बसलात की अमेरिका संपली, परत दार उघडायचे नाही. बहामासाठी कंपनीने आमच्याकडे वेगळा व्हिसा मागितला नाही, अमेरिकेचा व्हिसा पाहून समाधान मानले. प्रत्येक बेटाचे हेच असेल असे समजू नये. कॅरिबियनमधील काही बेटे अमेरिकन नागरिकांकडेही पूर्ण पासपोर्ट मागतात, तेथे आपली काय कथा! तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी बंदरांची यादी घेऊन एकेका देशाचे विचारावे.

राहिले जावईबापू. एच-वन-बी वर नोकरी करणाऱ्यांकडे दोन गोष्टी असतात. एक, सरकारने दिलेली राहण्याची आणि काम करण्याची मंजुरी, आय-७९७ नावाचा कागद. दुसरा, पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का. मंजुरी अमेरिकेत बसून वाढवून मिळते. शिक्का मात्र देशाबाहेर जाऊन वकिलातीतून घ्यावा लागतो. राहण्याचा हक्क एका कागदात आणि आत शिरण्याचा हक्क दुसऱ्यात. जावयांची मंजुरी पुढे दीड वर्षाची होती, शिक्का मागच्या वर्षी संपलेला. घरात बसून राहिले तर काही अडत नाही. हजारो लोक असे राहतात आणि कर भरतात. मुलगी दोन वर्षांपूर्वी आईच्या ऑपरेशनसाठी एकटी मुंबईला आली होती, तेव्हा तिने वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीतून नवा शिक्का घेतला. जावई आले नव्हते, त्यांचा राहिला.

एका मित्राने त्यांना सांगितले, की तीस दिवसांच्या आतली सहल असेल तर जुन्या शिक्क्यावरही परत घेतात. तसा नियम आहे हे खरे. पण तो अर्धाच सांगितला जातो. नोकरीच्या व्हिसावाल्यांना ही सवलत फक्त कॅनडा आणि मेक्सिको या सीमेला लागून असलेल्या देशांपुरती आहे. विद्यार्थ्यांच्या व्हिसावर असलेल्यांना जवळच्या बेटांनाही चालते, एच-वन-बीला नाही. बहामा बेट आहे. बोट त्याच बंदरात परत येते, हा मुद्दा येथे कामाचा नाही, तो नागरिकांच्या कागदांपुरता. जावई बोटीत चढले असते, मजेत फिरले असते, आणि आठव्या दिवशी स्वतःच्या घरापासून पाऊण तासावरच्या बंदरात त्यांना परत घेण्याचा कागद त्यांच्याजवळ नसता. नोकरी, घराचे हप्ते, मुलाची शाळा हे सर्व त्या एका संपलेल्या शिक्क्यावर टांगलेले. त्यांच्या ऑफिसच्या वकिलाने एका ओळीत उत्तर दिले: जाऊ नका.

मग उत्तरेकडे जावे असा विचार निघाला. त्याच बंदरातून कॅनडाच्या हॅलिफॅक्सला आणि सेंट जॉनला बोटी जातात. जावयांना ती सवलत तेथे लागू पडली असती, आणि ऑफिसचे काम टोरांटोला असल्यामुळे कॅनडाचा व्हिसाही त्यांच्याजवळ होता. विहीणबाईंना ग्रीन कार्ड आणि पासपोर्टवर कॅनडात व्हिसा लागत नाही. पण आम्हा दोघांना लागतो, मुलीलाही लागतो, आणि तो सुट्टीच्या आत मिळण्यासारखा नव्हता. दक्षिणेला गेलो तर जावई मागे, उत्तरेला गेलो तर आम्ही तिघे मागे. दोन रात्री घरात हीच चर्चा. मी म्हणालो, आम्ही राहतो, तुम्ही जा. जावई म्हणाले, "बाबा, बोट मला पुन्हा मिळेल. तुम्ही पुन्हा इथं कधी याल?" यावर काय बोलणार!

ते राहिले. त्यांच्या राहण्याने आणखी एक कागद वाढला. लहान मूल आईवडिलांपैकी एकाच्याच बरोबर देशाबाहेर जात असेल तर दुसऱ्याचे संमतिपत्र जवळ असावे, असा तेथील सीमा अधिकाऱ्यांचा सल्ला आहे. जावयांनी बँकेत जाऊन नोटरीसमोर सही केली की माझा मुलगा आपल्या आईबरोबर अमुक तारखांना जात आहे, माझी हरकत नाही.

बंदराचे गाव बेयॉन. न्यूयॉर्कच्या समोर, खाडीच्या अलीकडच्या काठाला. येथे अमेरिकन लष्कराचा मोठा धक्का होता, तो १९९९ साली बंद झाला. २००४ साली त्या जागी प्रवासी बोटींचे बंदर सुरू झाले आणि त्याला केप लिबर्टी नाव दिले, कारण येथून स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो. शेजारी मालाच्या बोटी लागतात, त्यांचे उंच क्रेन रांगेने उभे असतात. मला त्या क्रेनकडे पाहत राहावेसे वाटले. आमचे वडील मुंबईच्या गोदीत कामगार होते. अलेक्झांड्रा डॉक, ज्याचे पुढे इंदिरा डॉक झाले, तेथे त्यांनी तीस वर्षे बोटींत माल चढवला आणि उतरवला. गोदीत शिरायला पास लागे. तो ते सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवत आणि घरी आले की फळीवर, आमचा हात पोहोचणार नाही अशा जागी. बोटीच्या पोटात ते रोज जात होते, प्रवासी म्हणून एकदाही बसले नाहीत. त्यांच्या आयुष्यातला सरकारी ओळखीचा मोठा कागद म्हणजे तो पास. आज त्याच गोदीच्या शेजारी, बॅलार्ड पिअरला, क्रूझच्या बोटी लागतात.

तपासणी वाटली होती त्यापेक्षा लवकर झाली, कारण सर्व कागद मुलीने माणसागणिक वेगळ्या पिशवीत ठेवले होते. बोटीत शिरताना प्रत्येकाला एक कार्ड देतात. तीच खोलीची किल्ली, तेच पैशाचे पाकीट, तेच बोटीपुरते ओळखपत्र. संध्याकाळी बोट निघाली तशी सगळी मंडळी वरच्या मजल्यावर जमली. व्हेराझानो नावाचा झुलता पूल आहे, १९६४ सालचा. त्याच्याखालून बोट जाते तेव्हा धुराड्याचा माथा आता लागतो की मग लागतो असे वाटते. लागत नाही. लोक टाळ्या वाजवतात. नातवाने वडिलांना फोन लावून पूल दाखवला.

पहिला थांबा फ्लोरिडातले पोर्ट कॅनाव्हेरल, जेथून जवळच रॉकेटे उडवण्याचे केंद्र आहे. ती अमेरिकाच. नंतर बहामाची राजधानी नासाऊ. बोटीच्या खाण्याविषयी, नाचगाण्याविषयी लिहीत नाही, ते सर्वांच्या फोटोत असते. एवढेच सांगतो की विहीणबाईंनी चौथ्या दिवशी खालच्या स्वयंपाकघरातल्या एका गोव्याच्या मुलाला गाठले आणि त्याने त्यांना साधे वरण आणून दिले.

नासाऊ लहान गाव. ब्रिटिशांची सत्ता होती, १० जुलै १९७३ रोजी देश स्वतंत्र झाला. गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात. त्यांचा डॉलर आणि अमेरिकेचा डॉलर एकाच भावाचा. बोटीतून उतरलेले बहुतेक लोक बे स्ट्रीटवरच्या दुकानांत नाहीतर वाळूवर जातात. आम्ही चालत राणीच्या पायऱ्या पाहायला गेलो. उभा चुनखडीचा खडक सुमारे शंभर फूट कापून काढलेल्या या पायऱ्या १७९० च्या दशकात गुलामांनी खोदल्या, वरच्या किल्ल्याला जायला वाट म्हणून. नाव मात्र पुढे व्हिक्टोरिया राणीचे पडले. मी मोजल्या, पासष्ट भरल्या. खाली दोन्ही बाजूंना खडकावर अवजारांच्या खुणा दिसतात. हात लावून पाहिला तर दगड थंड आणि ओला. ज्यांनी तो फोडला त्यांच्यापैकी कोणाचे नाव तेथे दिसले नाही.

परत बे स्ट्रीटला आलो तर एक गुलाबी रंगाची जुनी इमारत. येथे पूर्वी लिलाव होत, मालाचे आणि माणसांचेही. आता तेथे संग्रहालय आहे आणि त्याला पॉम्पी या गुलामाचे नाव दिले आहे. एक्झुमा नावाच्या बेटावर लॉर्ड रोल या जमीनदाराचे मळे होते. १८३० साली त्याच्या गुलामांना दुसऱ्या बेटावर हलवण्याचा हुकूम निघाला, घरेदारे आणि नातीगोती तोडून. पॉम्पीच्या पुढाकाराने ते रानात लपले, आणि मग मालकाचीच मिठाची बोट घेऊन गव्हर्नरकडे दाद मागायला नासाऊला निघाले. पकडले गेले, फटके बसले. पण शेवटी त्यांना एक्झुमालाच परत पाठवले गेले. १८३४ साली ब्रिटिश साम्राज्यात गुलामी कायद्याने संपली, तेव्हा तेथल्या लोकांनी मालकाचेच आडनाव लावले. आजही एक्झुमात रोल आडनावाची माणसे पुष्कळ आहेत.

मुलीने हे सर्व मराठीत सांगितल्यावर विहीणबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ह्यांचं पण नाव दुसऱ्यानंच लिहिलं." बाहेर एक बहामी बाई गवताच्या टोपल्या विकत होती. तिने विहीणबाईंना बसायला स्टूल दिले. दोघी एकमेकींच्या भाषेचा शब्द न कळता दहा मिनिटे बोलल्या, आणि टोपली दोन डॉलरने स्वस्त मिळाली.

परतताना बंधूंनी घड्याळाकडे पाहत सर्वांना अर्धा तास आधीच हलवले. योग्यच केले. धक्क्यावर पोहोचलो तेव्हा एक रुग्णवाहिका उभी होती आणि एका वृद्ध अमेरिकन गृहस्थांना बोटीतून उतरवत होते. त्यांची पत्नी हातातल्या पर्समधून कागद काढून गणवेषातल्या माणसाला दाखवत होती. घडी घातलेला एक कागद आणि एक लहान कार्ड. तो माणूस मान हलवून काहीतरी विचारत होता. आम्हाला थांबता येईना. बंधूंनी नुसता आपला वरचा खिसा चाचपला.

आपल्याकडून जाणाऱ्या वाचकांसाठी थोडे लिहितो. मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणारी बोट भारताच्याच हद्दीत राहते. पासपोर्ट लागत नाही, सरकारी फोटो ओळखपत्र पुरते. लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो, तो काढण्याचे काम कोण करणार हे कंपनीला आधी विचारून घ्यावे. तीच बोट श्रीलंकेला टेकणार असेल तर पासपोर्ट आणि त्या देशाची परवानगी दोन्ही आली. सिंगापूरहून पेनांग आणि फुकेतला जाणाऱ्या बोटी आपल्या लोकांत जास्त चालतात. तेथे अमेरिकेसारखीच गोम आहे: विमानाने सिंगापुरात शिरणे हा एक प्रवेश आणि बोटीतून परत येणे हा दुसरा. व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, हे पाहावे. सिंगापूरचे आगमनपत्र ऑनलाइन आणि फुकट भरता येते, पोहोचण्याच्या तीन दिवसांच्या आत. बोटीने परत शिरताना ते पुन्हा भरावे लागते. त्याचे कोणी पैसे मागितले तर देऊ नका. मलेशियाने भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून व्हिसा माफ केला, जाहीर केलेली मुदत २०२६ अखेरपर्यंतची आहे. थायलंडनेही नोव्हेंबर २०२३ पासून माफी दिली, पण अटी नंतर बदलत गेल्या, म्हणून तिकिटाच्या दिवशी ताजी माहिती घ्यावी. पासपोर्टाची मुदत परतीनंतर सहा महिने तरी शिल्लक असावी.

दहावी न झालेल्या आपल्या आयाबहिणींच्या पासपोर्टात ईसीआर असा शेरा असतो. मलेशिया आणि थायलंड त्या यादीतले देश आहेत, म्हणून काही एजंट घाबरवतात. तो शेरा नोकरीसाठी जाणाऱ्यांपुरता आहे. सहलीला जाणाऱ्या बाईला त्यामुळे अडवण्याचे कारण नाही, परतीचे तिकीट मात्र हाताशी ठेवावे. आणि पन्नाशी उलटली असेल तर नवा पासपोर्ट काढताना तो शेरा काढून घेता येतो.

आठव्या दिवशी पहाटे बोट बेयॉनला लागली. उतरल्यावर दोन वाटा होत्या. नागरिकांची रांग चेहऱ्याचा फोटो काढून भराभर पुढे सरकत होती, नातू आणि बंधू त्यातून गेले. आमची रांग हळू. अधिकारी पोरसवदा होता. त्याने माझी रबर लावलेली दोन पुस्तके सोडवली, जुन्यातला व्हिसा पाहिला, कोठे गेला होता विचारले. मी सांगितले. मुलीला त्याने मंजुरीचा कागद मागितला, तो पिशवीत वरच होता. विहीणबाईंच्या कार्डाकडे पाहून तो म्हणाला, "फनू?" त्या म्हणाल्या, "यस." आणि मग मराठीत, माझ्याकडे वळून, "म्हणू दे."

जावईबापू सकाळी सहापासून वाहनतळावर उभे होते. येताना त्यांनी थर्मासात चहा आणला होता. मुंबईच्या वकिलातीची डिसेंबरमधली तारीख मिळाल्याचे त्यांनी गाडीत बसल्यावर सांगितले.